लॉनवरचं इन्स्पेक्शन

नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी मला वेळ विचारली. समोर भिंतीवर घड्याळ होतं. त्यात बघून मी सांगितलं, सव्वाअकरा. ते म्हणाले, "कशावरून?" मी घड्याळाकडे बोट केलं. ते घड्याळ बरोबर आहे कशावरून, असा पुढचा प्रश्न आला. मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, त्यातही सव्वाअकराच. मग हे घड्याळ तू सकाळी त्या घड्याळावरूनच लावलं नसशील कशावरून? मी गप्प बसले. दुसऱ्या कुणी काहीतरी ठोकून दिलं असतं. मी गप्प बसले म्हणूनच त्यांनी मला ठेवून घेतलं, असा माझा अंदाज आहे.

नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात ते फायनल इन्स्पेक्टर होते. गाड्यांना लागणारे बुश, म्हणजे अंगठ्याएवढे पोकळ लोखंडी तुकडे, आम्ही बनवायचो आणि माल गेटाबाहेर पडण्याआधी शेवटची नजर त्यांची. हातात गेज नावाची एक छोटी दांडी असायची. तिचं एक टोक बुशच्या भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही जमलं तर हिरव्या रंगाचा ठिपका, नाहीतर लाल. वाद घालायला जागाच नाही, म्हणून त्यांना ते काम आवडायचं. माणसांना असा गेज लावता येत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं आणि ती उणीव ते संशयानं भरून काढायचे.

पहिल्याच महिन्यात त्यांनी माझ्यासमोर एका ट्रेमध्ये पंचवीस बुश ओतले. यातला एक मी सकाळी स्वतः लेथवर केलाय, बाकीचे मशीनचे आहेत, माझा कुठला ते शोध, असं सांगून ते चहाला निघून गेले. मी मापून पाहिले, भिंगाखाली धरले, शेवटी वास घेऊन पाहिला. पाऊण तासानं ते परत आले तेव्हा माझं रडायचं तेवढं बाकी होतं.

"नाय सापडत ना?" ते म्हणाले. "मग तो पास. जो पार्ट पंचवीसात वेगळा दिसतो, तो रिजेक्ट."

मूळचे सायखेड्याचे. घरची शेती भाऊ बघायचा आणि हंगामात द्राक्षांची पेटी पाठवायचा. ती पेटी आली की हे वरचा थर काढून आधी खालचा बघायचे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, अहो, सख्खा भाऊ आहे तुमचा. त्यावर यांचं उत्तर ठरलेलं होतं, की भाऊ वरच्या थरापुरता असतो, खालचा थर गड्यानं भरलेला असतो. रक्तदाब ते दोन वेगळ्या दवाखान्यांत एकाच दिवशी मोजून घ्यायचे. लग्नाची पत्रिका आली की मुहूर्त पंचांगात पडताळायचे. सिडकोतल्या त्यांच्या घराची बेल वाजली, की आधी गच्चीवरून खाली डोकावून बघायचे आणि मगच जिना उतरायचे. पाहुणा आपण आलोय हे विसरायच्या बेताला यायचा तेव्हा दार उघडायचं.

कुणी त्यांचं कौतुक केलं, की त्यांचा चेहरा पडायचा. याला माझ्याकडून काहीतरी हवंय, हे ते मला नंतर बाजूला घेऊन सांगायचे. निवृत्तीच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणं चालू असताना ते खुर्चीवर बसल्या बसल्या घड्याळ उलटं करून मागचं झाकण उघडत होते. तबकडीवर लिहिलेली कंपनी आणि आत बसलेली मशीन यांचा मेळ बसत नाही, असं त्यांनी आभाराच्या भाषणात सांगितलं. आभार मानायचे मात्र राहून गेले.

या माणसाच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली. संशय हा पडशासारखा असतो, शेजारी बसलं की लागतोच. मला बघायला मुलगा आला तेव्हा मी त्याला एकच प्रश्न तासाभराच्या अंतरानं दोनदा, वेगवेगळ्या शब्दांत विचारला. उत्तरं जुळली म्हणून होकार दिला. हे त्याला अजून माहीत नाही.

त्यांना एक मुलगी आहे हे मला माहीत होतं, पण ती काय करते याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. ते मला काकूंकडून हळूहळू कळत गेलं. शाळेत असताना ती व्हायोलिन शिकायला लागली. शरणपूरकडे एक म्हातारे मास्तर घरीच शिकवायचे. हे महिनाभर तिच्याबरोबर जाऊन कोपऱ्यात स्टुलावर बसले, मास्तर खरंच शिकवतात की वेळ काढतात ते बघायला. महिन्यानं निकाल लागला तो असा, की मास्तर प्रामाणिक आहेत, पण पोरीला काय येतंय हे तपासायला मार्ग नाही. पुढे ती व्हायोलिनपेक्षा जरा मोठं आणि जाड आवाजाचं व्हिओला नावाचं वाद्य वाजवू लागली, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट सोडून मुंबईला गेली आणि दिवसा एका शाळेत मुलांना संगीत शिकवून संध्याकाळी सराव करू लागली.

एकदा ती पेढे घेऊन घरी आली. पाश्चात्त्य संगीत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात तिची निवड झाली होती. यांनी विचारलं, किती माणसं आहेत त्यात? ती म्हणाली, पन्नासच्या वर.

"मग तू नसलीस तर काय फरक पडतो?" ते म्हणाले.

काकू शपथेवर सांगायच्या, त्यांनी हे चिडून विचारलं नव्हतं. कारखान्यात जसं विचारायचे तसंच, माहितीसाठी विचारलं होतं. मुलीनं पेढ्यांचा पुडा टीपॉयवर ठेवला आणि आली तशी स्टँडवर जाऊन मुंबईची बस पकडली. नंतर यांनी पेढा फोडून बघितला, खवा ताजा निघाला, हेही मला काकूंनीच सांगितलं. त्यानंतर दोन वर्षं ती फक्त आईशी फोनवर बोलत होती आणि घरी एकदाही आली नव्हती.

मला त्यांचा या गोष्टीवरून फार राग होता. एकदा त्यांच्या घरी गेले असताना मी तो बोलूनही दाखवला. ते बराच वेळ हातातली सहा इंची पट्टी टेबलावर आपटत राहिले. मग म्हणाले, बुशला गेज असतो पोरी, तो घातला की कळतं. हिला मी कशानं तपासू? न तपासता पास कसं म्हणू? खोटा ठिपका मी जन्मात दिलेला नाही. राग गेला असं नाही, पण त्या दिवसापासून त्यांची कीव येऊ लागली.

डिसेंबरात काकूंचा मला फोन आला. मुलीचा ऑर्केस्ट्रा नाशिकला येणार होता. गंगापूर रोडच्या एका लॉनवर, उघड्यावर, रशियन संगीताचा कार्यक्रम होता आणि तिनं आईला तीन पास पाठवले होते. बाकीचे दोन कुणासाठी ते तिनं सांगितलं नव्हतं. यांनी त्यातला एक स्वतःच्या खिशात घातला आणि मी येणार, असं जाहीर केलं. काकूंना धडकीच भरली. कारण मुलीनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, की अप्पांनी या वेळी पुन्हा तेच विचारलं, तर मी त्या घरात परत पाऊल ठेवणार नाही. काकू म्हणाल्या, तू चल बाई. त्यांच्या एका बाजूला तू बस, एका बाजूला मी बसते. तोंड उघडायला लागले की कोपर मार. उरलेला पास माझा झाला.

साडेपाचचा कार्यक्रम, आम्ही सव्वाचारलाच पोचलो, कारण त्यांना आधी जागा बघायची होती. आदल्या दिवशी तिथं लग्न झालेलं असणार. स्टेजच्या कमानीला झेंडूची सुकलेली माळ तशीच होती आणि खुर्च्यांच्या पाठीला सॅटिनचे गुलाबी बो बांधलेले होते. स्टेजवर माइक होते, मोठाले स्पीकर होते आणि एक काळी वायर स्टेजच्या मागे गेली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नात सनईवाले नुसते गाल फुगवतात आणि सनई पेनड्राइव्हवर वाजते, हे त्यांनी पूर्वी एकदा पकडलं होतं. ते वायरीच्या मागे निघाले. मी त्यांच्या मागे, काकू माझ्या मागे.

वायर एका लॅपटॉपपाशी संपली. तिथं बसलेल्या माणसाला त्यांनी यात काय आहे ते विचारलं. तो म्हणाला, मध्यंतरात जाहिराती लावायच्यात काका. कशावरून, असं यांनी विचारल्यावर त्यानं बिचाऱ्यानं गिझरची एक जाहिरात लावून दाखवली. ती त्यांनी पूर्ण ऐकली. परत येताना मला म्हणाले की जाहिरात आहे याचा अर्थ दुसरं काही नाही असा होत नाही. खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं.

वादक आले. काळे कपडे, थंडीमुळे काहींनी आत स्वेटर घातलेले. नदीकडून वारा सुटला होता, त्यामुळे वादकांसमोरच्या स्टँडवरचे स्वरलिपीचे कागद कपडे वाळत घालायच्या प्लॅस्टिकच्या चिमट्यांनी लावलेले होते. ते चिमटे बघून त्यांचा चेहरा जरा सैल झाला. नुसतंच नाटक असतं तर कागदाला चिमटे कोण लावेल, असं ते स्वतःशीच पुटपुटले. मग काडी घेतलेला एक माणूस मधोमध येऊन उभा राहिला. हा काय वाजवतो, असं त्यांनी मला विचारलं. हा वाजवत नाही, बाकीच्यांना सांगतो, असं मी म्हटल्यावर ते समजून चुकल्यासारखे म्हणाले, सुपरवायझर.

मुलगी उजव्या हाताला, व्हिओलावाल्यांत बसली होती. सहा जण, दोघांत एक स्टँड. तिच्या शेजारी एक टक्कल पडलेले गृहस्थ होते. तिनं एकदा समोर बघितलं, आईला पाहिलं, मग बापाला पाहिलं, आणि नजर कागदाकडे वळवली. काकूंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला.

संगीताबद्दल मी काही लिहू नये हेच बरं, मला त्यातलं कळत नाही. रशियन नावं सांगताना निवेदिकेची जीभ अडखळत होती, तेव्हा आम्हीही ती विसरून गेलो. एवढं आठवतं, की पहिलीच रचना सुरू झाली आणि लॉनच्या कुंपणापलीकडे वडापावच्या गाडीवरची माणसं खायची थांबून इकडे बघायला लागली. मला उगीचच माझ्या आईची आठवण आली. शेजारी बघितलं तर हे डोळे मिटून, एक हात कानामागे धरून बसलेले. मला वाटलं, झोपले. झोपले तर सुटलो, असंही वाटलं.

ते झोपले नव्हते. थोड्या वेळानं त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि काहीतरी लिहिलं. दुसऱ्या रचनेत पुन्हा लिहिलं. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "तिला पानं उलटायला ठेवलंय."

मी बघितलं. खरंच, थोड्या थोड्या वेळानं ती वाजवायचं थांबवून पान उलटत होती आणि शेजारचे गृहस्थ वाजवतच राहत होते. त्यांनी एकदाही पानाला हात लावला नाही. मी आजूबाजूला बघितलं नाही, दुसऱ्या स्टँडवर काय चाललंय ते तपासलं नाही. नऊ वर्षांत शिकलेलं सगळं विसरून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

तिसऱ्या रचनेत वाऱ्याचा जोराचा झोत आला. कमानीवरची माळ खाली पडली. मुलीच्या स्टँडवरचा एक चिमटा निसटला आणि कागद फडफडायला लागले. तिनं वाद्य मांडीवर उभं टेकवलं, हात पुढे केला आणि कागद स्टँडवर दाबून धरला. रचना संपेपर्यंत तिनं तो हात काढला नाही. ती तेवढा सगळा वेळ नुसती कागद धरून बसली होती, गृहस्थ वाजवत होते, आणि आवाज पहिल्यासारखाच भरून येत होता. यांनी मनगटावरचं घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली. काकूंनी त्यांच्या पाठीमागून हात लांबवून मलाच ढोसलं. त्यांना कोपर मारायचं सोडून मला का ढोसलं ते कळलं नाही, पण मी तेवढीच घाबरले होते.

साडेसातला संपलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, हे वही चाळत होते. मी त्यांना गाडीकडे वळवायचा प्रयत्न केला, पण ते तोपर्यंत स्टेजच्या मागे निघाले होते. तिथं तात्पुरत्या पडद्याआड वादक आपापली वाद्यं पेट्यांत ठेवत होते. मुलगी पेटीपाशी उकिडवी बसली होती. बापाला बघून उठली. पाया पडली नाही, हसलीही नाही. काकूंनी हातातला लाडवांचा डबा छातीशी धरला.

ते म्हणाले, "तिसऱ्या तुकड्यात तू थांबली होतीस. शेवटपर्यंत. मी लिहून घेतलंय." आणि वही उघडून दाखवली. "आवाजात काय बी फरक नाय पडला."

झालं, असं मला वाटलं. तोच प्रश्न, या वेळी पुराव्यासकट. मी काकूंचा हात धरला.

मुलीनं वहीवर नजर टाकली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "नाहीच पडणार अप्पा. आम्ही सहा जण आहोत, आवाज एक यायला पाहिजे. त्यात माझा वेगळा ऐकू आला तर मी चुकले. हे जमायला मला आठ वर्षं लागली."

"कशावरून?" त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं.

"तुम्हीच सांगा. डोळे मिटून मलाच शोधत होतात ना? मी वरून बघत होते. सापडले का?"

मला एकदम ट्रेमधले पंचवीस बुश आठवले. वेगळा दिसतो तो रिजेक्ट, हे वाक्य तिनं घरात लहानपणापासून ऐकलं होतं की तिचं तिला सुचलं, ते मी तिला अजून विचारलेलं नाही. त्यांनी वही मिटून खिशात घातली. इतकी वर्षं मी त्यांना प्रश्न विचारताना पाहिलं होतं, उत्तर द्यायची वेळ आलेली कधी पाहिली नव्हती.

"नाय," ते शेवटी म्हणाले. "नाय सापडली."

त्यांनी विचारलं, की मग पानं तूच का उलटायची? ती म्हणाली, स्टँडवर आतल्या बाजूला जो बसतो त्यानं उलटायची, सगळीकडे तसंच असतं, आजही सगळ्या स्टँडवर तेच चाललं होतं. आणि कागद का धरून बसलीस? कारण चिमटा निसटला. ती वाजवत राहिली असती तर कागद उडाले असते आणि शेजारचे सरही थांबले असते. "दोघं थांबलो असतो, तर तुम्हाला कळलं असतं," ती म्हणाली.

त्यांनी हात पुढे केला. "चिमटा बघू."

तिनं पेटीतून निळा चिमटा काढून दिला. त्यांनी खिशातलं भिंग काढलं, चिमटा दिव्याकडे धरला, दोन-तीनदा दाबून पाहिला.

"स्प्रिंग मेलीय," ते म्हणाले. "हा बाद." आणि तो चिमटा त्यांनी स्वतःच्या खिशात घातला.

काकू तिथंच रडायला लागल्या. मी हजारो पार्ट त्यांच्या हातून बाद होताना पाहिलेत, पण कुठल्याही रिजेक्शनचा मला इतका आनंद झाला नव्हता. मुलगी पटकन वळली, डोळे पुसले आणि आईला विचारलं, डब्यात काय आहे. मग उभ्या उभ्या दोन लाडू खाल्ले. हे जरा लांब जाऊन बाकीच्या स्टँडवरचे चिमटे दाबून बघत होते.

त्यांनी तिचं कौतुक केलं का? माझ्या कानांवर तरी नाही. पण आठवड्याभरानं अंबडच्या एका ओळखीच्या टूलरूममधून त्यांनी पोलादी स्प्रिंगचे साठ चिमटे करवून घेतले आणि कुरिअरनं तिच्या पत्त्यावर पाठवले. प्रत्येकावर हिरवा ठिपका होता. ऑर्केस्ट्रात ते ठिपके कशाचे म्हणून सगळे विचारतात, असं तिनं आईला फोनवर सांगितलं. मग, दोन वर्षांत पहिल्यांदाच, अप्पांना फोन दे म्हणाली.

संक्रांतीला ती घरी आली. मी तिळगूळ द्यायला सकाळी गेले. बेल वाजवली, पण गच्चीवरून कुणी डोकावलं नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. त्या घराचं दार मी असं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून जरा घाबरतच वर गेले. गच्चीवर ती सरावाला बसली होती. आजूबाजूच्या गच्च्यांवर पतंगांचा गोंधळ चालला होता, वाराही चांगला होता. हे तिच्या डाव्या हाताला स्टुलावर बसून, पुढे वाकून, दोन्ही हातांनी तिच्या स्टँडवरचा कागद धरून होते. पान संपलं की ती मान हलवायची, हे उलटायचे आणि पुन्हा धरून बसायचे.

कागदाला दोन्ही बाजूंनी पोलादी चिमटे लावलेले होते, हिरव्या ठिपक्यांचे. मी म्हटलं, साहेब, चिमटे आहेत ना.

"असू दे," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "वाऱ्याचा काय भरवसा."